लॅपटॉपचा टचपॅड चालत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढची उत्तरे मुख्यतः विंडोज १० आणि ११ च्या लॅपटॉपसाठी आहेत. मॅकसाठी शेवटाकडे वेगळा प्रश्न आहे. क्रम मुद्दाम असा लावला आहे की फुकट होणाऱ्या तपासण्या आधी येतील आणि स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. बंद टचपॅडांपैकी बरेचसे बिघडलेले नसतातच. कुणीतरी ते बंद केलेले असतात किंवा विंडोजला ते दिसत नसतात.

काहीही करून बघण्याआधी एखादी गोष्ट तपासायला हवी का?

हो, बॅटरी. बहुतेक लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या अगदी खाली बॅटरी असते. ती फुगली की टचपॅडला आतून दाबते. आधी क्लिक घट्ट होते, मग लागेनाशी होते, आणि पुढे पॅडची एक कड वर आलेली दिसते. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. तो डुगडुगतो का, झाकण नीट बसते का, खालच्या कव्हरची फट कुठे रुंदावली आहे का, हे डोळे पॅडच्या पातळीला आणून आडवे बघा.

यातले काही दिसले तर हे पान इथेच सोडा. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, गादी-सोफ्यावरून उचलून फरशीवर ठेवा. फुगवटा दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि टोचून वायू तर अजिबात काढू नका. लिथियम-आयन बॅटरीच्या आतले पातळ थर एकमेकांना टेकले की ती पेट घेऊ शकते. अशी बॅटरी घेऊन विमानप्रवासही करायचा नसतो. बॅटरी बदलली की टचपॅड पुष्कळदा आपोआप ठीक होतो. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, सर्व्हिस सेंटरकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

कर्सर हलत नाही आणि घरात माऊसही नाही. सेटिंगपर्यंत पोचायचं कसं?

कीबोर्डवरून. विंडोज बटण आणि आय एकत्र दाबले की सेटिंग्ज उघडतात. टॅबने एका भागातून दुसऱ्या भागात जायचे, बाणांच्या बटणांनी यादीत वर-खाली करायचे, एंटरने उघडायचे आणि स्पेसबारने चालू-बंद करायचे. शिफ्ट + एफ१० म्हणजे उजवी क्लिक.

ज्यांच्या कीबोर्डवर उजवीकडे आकड्यांचा वेगळा गठ्ठा आहे त्यांना आणखी एक सोय आहे. डावे आल्ट + डावे शिफ्ट + नम लॉक दाबून येणाऱ्या खिडकीत एंटर दाबा. आता आकड्यांच्या बटणांनी कर्सर सरकतो आणि ५ दाबले की क्लिक होते. हळू चालते, पण काम भागते. तरीही सगळ्यात सोपा उपाय म्हणजे शेजाऱ्यांचा यूएसबी माऊस तासभर मागून आणणे.

काल चालत होता, आज एकदम बंद. आधी काय बघू?

कीबोर्डची सगळ्यात वरची रांग. तिथे चौकोनात बोट किंवा चौकोनावर तिरकी रेघ असे चित्र असलेले बटण असते. ते नुसते किंवा एफएनबरोबर दाबले की टचपॅड बंद-चालू होतो. एसरवर ते बहुधा एफ७ असते. एसुसच्या जुन्या मॉडेलांवर एफ९ आणि नव्यांवर एफ६, लेनोवो आयडियापॅडवर एफ६ किंवा एफ१०, डेलच्या काही मॉडेलांवर एफ३. आकडा पाठ करण्यापेक्षा चित्र शोधा, कारण एकाच कंपनीत मॉडेलागणिक जागा बदलते. आवाज कमी करताना किंवा कीबोर्ड पुसताना हे बटण चुकून दाबले जाते.

एचपीच्या जुन्या मॉडेलांवर बटण नसते. टचपॅडच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात बारीक दिवा किंवा ठिपका असतो आणि तिथे दोनदा टिचकी मारली की पॅड बंद होतो. दिवा नारिंगी पेटलेला असेल तर तिथेच पुन्हा दोनदा टिचकी मारा.

सेटिंगमध्ये नेमकं कुठे बघायचं?

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग टचपॅड. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, डिव्हायसेस, टचपॅड. वरचा खटका चालू आहे ना ते बघा. त्याच भागात ‘माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा’ अशा अर्थाची एक चौकट असते. तिच्यातली खूण निघालेली असेल आणि वायरलेस माऊसचा नखाएवढा रिसीव्हर मागच्या बाजूच्या यूएसबीत विसरून राहिला असेल, तर माऊस हाताशी नसला तरी विंडोजच्या हिशेबी तो जोडलेलाच असतो. मग टचपॅड बंद राहतो. रिसीव्हर काढून बघा, ब्लूटूथही क्षणभर बंद करून बघा.

टचपॅड हा भागच यादीत दिसत नसेल तर विंडोजला पॅड सापडलेला नाही. त्याचे उत्तर पुढे डिव्हाइस मॅनेजरच्या (लॅपटॉपच्या सगळ्या भागांची विंडोजमधली यादी) प्रश्नात आहे.

लॅपटॉप बंद करून परत चालू केला. काही फरक नाही.

शट डाउन आणि रीस्टार्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप सहसा चालूच असते. त्यामुळे शट डाउन करताना विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हरची (विंडोजला टचपॅडसारखा भाग चालवता यावा म्हणून लागणारे छोटे सॉफ्टवेअर) स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. म्हणजे गोंधळलेला ड्रायव्हर गोंधळलेल्या अवस्थेतच परत येतो. रीस्टार्ट केले की सगळे नव्याने सुरू होते.

तेवढ्याने भागले नाही तर आतली उरलीसुरली वीज काढून टाका. लॅपटॉप बंद करा, चार्जर आणि यूएसबीला लावलेले सगळे काढा, बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढा. पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. मग चार्जर लावून सुरू करा. कीबोर्ड, बॅटरी आणि काही मॉडेलांत टचपॅड सांभाळणारी मदरबोर्डवरची छोटी चिप अडकलेली असेल तर ती याने मोकळी होते.

बिघाड विंडोजचा आहे की आतल्या भागांचा, हे घरी कसं ओळखायचं?

दोन परीक्षा आहेत. पहिली बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, लॅपटॉपच्या स्वतःच्या मूळ सेटिंगची. लॅपटॉप सुरू होताना डेल, एसर, एसुसवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोवोवर एफ१ किंवा एफ२ सारखे दाबत राहा. नव्या मॉडेलांच्या बायोसमध्ये कर्सर असतो. तो टचपॅडने हलला तर पॅड, केबल, जोडणी सगळे शाबूत आहे आणि दोष विंडोजकडे आहे. मात्र कर्सर हलला नाही म्हणून पॅड मेला असे धरू नका. पुष्कळ बायोसना टचपॅडशी बोलताच येत नाही. तिथे आलाच आहात तर पॅड ‘डिसेबल्ड’ करून ठेवलेला नाही ना तेही बघा. थिंकपॅडमध्ये हा पर्याय कॉन्फिग, मग कीबोर्ड/माऊस या भागात असतो.

दुसरी परीक्षा जास्त भरवशाची आहे. ८ जीबीच्या किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम) टाका, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि ‘ट्राय उबुंटू’ निवडा. डिस्कवर काही बदलत नाही. उबुंटूत पॅड चालला तर दुरुस्तीवर रुपयाही खर्च करू नका, विंडोजचे ड्रायव्हर सुधारा. दोन्हीकडे बंद असेल तर केबल किंवा पॅडचा संशय पक्का होतो.

बायोसमधले काही बदलण्याआधी बिटलॉकरची (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा. काही बदलांनंतर विंडोज ती मागते आणि ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये काय शोधायचं?

विंडोज + एक्स दाबून मग एम. दोन गट उघडा: ‘माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस’ आणि ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हायसेस’. टचपॅड यातल्या एकात असतो, सिनॅप्टिक्स, एलन किंवा आल्प्स या पॅड बनवणाऱ्या कंपन्यांच्या नावाने, नाहीतर ‘एचआयडी-कम्प्लायंट टच पॅड’ अशा सर्वसाधारण नावाने.

नावावर खाली रोखलेला बाण असेल तर पॅड तिथून बंद केलेला आहे. उजवी क्लिक करून एनेबल करा. पिवळा त्रिकोण असेल आणि आत कोड १० दिसत असेल तर विंडोजला पॅड दिसतो, पण तो सुरू होत नाही. अशा वेळी ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करून रीस्टार्ट करा, विंडोज ड्रायव्हर परत बसवते. आणि पॅडचे नावच कुठे नसेल तर पुढचा प्रश्न वाचा.

विंडोज नव्याने टाकलं आणि टचपॅड गायबच झाला. दुकानदार म्हणतो पॅड गेला.

जवळजवळ नक्की गेलेला नाही. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून लोक विंडोज ११ कोरे टाकून घेतात, आणि तिथेच ही अडचण येते.

पूर्वीचे टचपॅड पीएस/२ या जुन्या मार्गाने जोडलेले असत. तो मार्ग विंडोजला जन्मापासून ठाऊक आहे, त्यामुळे पॅड निदान साध्या माऊससारखा तरी चाले. अलीकडचे बहुतेक पॅड आयटूसी नावाच्या दोन तारांच्या मार्गावर असतात. हा मार्ग प्रोसेसरबरोबरच्या चिपसेटमधून (प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपांमधून) येतो आणि त्याचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो. इंटेलमध्ये त्याला ‘सीरियल आयओ’ म्हणतात, एएमडीमध्ये ‘आयटूसी कंट्रोलर’. तो नसेल तर पॅडपर्यंत जायला रस्ताच नसतो. मग टचपॅडचा ड्रायव्हर दहा वेळा टाकला तरी उपयोग होत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्ट पानावर तुमचे नेमके मॉडेल किंवा सीरियल नंबर टाका (डेलमध्ये तळाशी लिहिलेला सर्व्हिस टॅग). आधी चिपसेट, मग सीरियल आयओ किंवा आयटूसी, रीस्टार्ट, आणि मग टचपॅडचा ड्रायव्हर. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असे सांगणारी सॉफ्टवेअर टाळा. ती भलत्याच मॉडेलचा ड्रायव्हर बसवतात आणि नको ते सोबत आणतात.

एसरच्या काही लॅपटॉपांत बायोसच्या मेन पानावर टचपॅडसाठी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आणि ‘बेसिक’ असे दोन पर्याय असतात. ड्रायव्हर हाती लागेपर्यंत ‘बेसिक’ करा. पॅड जुन्या मार्गाने चालू लागतो.

कर्सर हलतो, पण दोन बोटांनी पान सरकत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘पीएस/२ कम्पॅटिबल माऊस’ असे नाव दिसते का? मग विंडोज तुमच्या पॅडला साधा माऊस समजते आहे, आणि माऊसला दोन बोटे नसतात. योग्य ड्रायव्हर टाकला की हे परत येते. वरच्या एसरच्या युक्तीनंतरही हेच होणार. काम झाल्यावर पर्याय परत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ करायला विसरू नका.

अपडेटनंतर बिघडलं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पॅडवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, ‘रोल बॅक ड्रायव्हर’. हे बटण फिकट असेल तर आधीचा ड्रायव्हर शिल्लक नाही. मग कंपनीच्या पानावरून जुनी आवृत्ती घ्या.

स्लीपमधून उठवला की पॅड मेलेला असतो, रीस्टार्ट केला की चालतो.

वीज वाचवताना विंडोज पॅडला झोपवते आणि नीट उठवत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधल्या ‘आयटूसी एचआयडी डिव्हाइस’ची प्रॉपर्टीज उघडा. पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची खूण काढा. बॅटरीवर फारसा फरक पडत नाही. ती चौकट दिसतच नसेल तर बायोस अपडेट करून बघा. तो करताना चार्जर लावलेला हवा आणि मध्येच बंद करायचे नाही.

चार्जर लावला की कर्सर उड्या मारतो, काढला की शहाण्यासारखा वागतो. हे काय?

हे आपल्याकडे फार दिसते आणि यात बहुधा लॅपटॉपचा दोष नसतो. दोष भिंतीत असतो.

पॅडच्या खाली तारांची जाळी असते. बोट जवळ आले की तिची विद्युत धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, किंचित बदलते, तोच बदल पॅड मोजतो. इतकी नाजूक मोजणी गोंगाटात फसते, आणि गोंगाट येतो चार्जरमधून. चार्जरच्या मुख्य विजेच्या बाजूला आणि लॅपटॉपच्या बाजूला जोडणारा एक छोटा कपॅसिटर असतो. तो रेडिओ-गोंगाट शमवण्यासाठीच असतो, पण त्यातून मायक्रोअँपिअरमधला अगदी थोडा प्रवाह लॅपटॉपच्या बॉडीपर्यंत येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर बॉडी अधांतरी राहते आणि धातूच्या कव्हरवरून हात फिरवताना मुंग्यांसारखी झिणझिण जाणवते.

परीक्षा सोपी आहे. कर्सर उड्या मारत असताना दुसरा हात लॅपटॉपच्या धातूच्या भागावर ठेवा. लगेच शांत झाला तर कारण हेच. मग रस्ता तपासत या. चार्जर तीन पिनांचा असून त्याला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावलाय का? एक्स्टेंशन बोर्डाला तीन भोके असली तरी आतली वायर दोनच तारांची आहे का? स्वस्त बोर्डांमध्ये ही लबाडी नेहमीची आहे. सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात अर्थची तार खरोखर आली आहे का? जुन्या चाळींत आणि वाड्यांत पुष्कळदा नसते. टेस्टर त्या भोकात पेटला नाही म्हणजे अर्थिंग आहे असे सिद्ध होत नाही. ते वायरमनकडूनच मोजून घ्या. आणि वायरमनने न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून देण्याची सोय सुचवली तर ठाम नकार द्या. पुढे न्यूट्रल तुटली की घरातल्या प्रत्येक धातूच्या बॉडीवर २३० व्होल्ट येतील.

चार्जर मुळातच दोन पिनांचा असेल तर अर्थिंगचा प्रश्न येत नाही. तिथे बाजारातला नकली चार्जर बदलून मूळ कंपनीचा लावून बघा.

पावसाळ्यात किंवा घामाने पॅड वेड्यासारखा करतो.

पाण्याचा थेंब पॅडला बोटासारखाच वाटतो. हात पुसा. लॅपटॉप बंद करून ७० टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या मायक्रोफायबर कापडाने पॅड पुसा. फवारा थेट पॅडवर मारायचा नाही. वर जाड स्टिकर लावलेला असेल तर तोही काढून बघा.

टाईप करताना किंवा गेम खेळताना पॅड काही क्षण ऐकत नाही.

हा बिघाड नाही. टाईप करताना तळहात लागून कर्सर भरकटू नये म्हणून विंडोज पॅडला थोडा वेळ गप्प बसवते. गेममध्ये कीबोर्ड आणि पॅड एकदम वापरायचे असतील तर टचपॅड सेटिंगमधली संवेदनशीलता ‘मोस्ट सेन्सिटिव्ह’ करा.

पूर्ण उलटा दुमडणारा लॅपटॉप आहे. कीबोर्ड आणि पॅड दोन्ही बंद पडतात.

दोन्ही एकदम बंद म्हणजे लॅपटॉपला वाटते आहे की तो दुमडलेला आहे किंवा झाकण मिटलेले आहे. हे ओळखायला आत चुंबकाने चालणारा सेन्सर असतो. चुंबकाची खिटी असलेला घड्याळाचा पट्टा किंवा मोबाइलचे चुंबकी कव्हर तळहाताच्या जागेवर आले तर तो फसतो. ते दूर ठेवा, झाकण एकदा पूर्ण मिटून उघडा.

चहा सांडला.

पॉवर बटण दाबून धरून ताबडतोब बंद करा, चार्जर काढा, लॅपटॉप उलटा करून तंबूसारखा ठेवा. तांदळाच्या डब्याचा उपयोग नाही. हेअर ड्रायरने ओल आणखी आत जाते. पाणी वाळते, पण चहातली साखर आणि दूध जोडण्यांवर राहते आणि काही आठवड्यांनी गंज धरतो. दोन दिवसांनी चालू झाला तरी उघडून साफ करून घ्या.

कर्सर ठीक आहे, क्लिक मात्र होत नाही.

बहुतेक पॅड वरच्या कडेला बिजागरीवर बसवलेले असतात आणि क्लिकचा स्विच खालच्या बाजूला असतो. म्हणून वरच्या भागात क्लिक कधीच नीट लागत नाही, तो दोष नाही. खालीही लागत नसेल तर फटीत चिवड्याचा कण अडकला आहे का ते बघा, आणि पहिला प्रश्न, म्हणजे बॅटरी, पुन्हा आठवा. तोवर सेटिंगमध्ये टॅप करून क्लिक होण्याचा पर्याय चालू करा. कित्येक जण स्विच गेल्यावर वर्षानुवर्षे तसेच काम करतात.

केबल स्वतः तपासता येईल का?

वॉरंटी संपलेली असेल आणि हात स्थिर असेल तर येईल. फिलिप्सचा ० किंवा ०० नंबरचा स्क्रू ड्रायव्हर, काही मॉडेलांना टॉर्क्स टी५, आणि कव्हर सोडवायला प्लॅस्टिकची पातळ पट्टी लागते. धातूचा चाकू घालू नका. स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असू शकतात. ते ज्या जागेचे असतील त्याच क्रमाने कागदावर मांडा. लांब स्क्रू आखूड जागेत गेला तर आतल्या बोर्डात घुसतो.

कव्हर निघाल्यावर सर्वप्रथम बॅटरीचा कनेक्टर काढा. टचपॅडपासून मदरबोर्डकडे जाणारी चपटी पांढरी पट्टी दिसेल. ती ज्या कनेक्टरमध्ये जाते त्याला बारीक कुलूप असते. ते काहींत वर उचलायचे असते, काहींत बाहेर सरकवायचे. कुलूप न उघडता पट्टी ओढली की कनेक्टर तुटतो आणि ते काम मग मदरबोर्डवरच्या सोल्डरिंगचे होते. पट्टी काढा, टोकावर काळे-हिरवे डाग आहेत का बघा, ९९ टक्के आयसोप्रोपाइलने पुसा, वाळू द्या. परत घालताना ती अगदी सरळ आणि शेवटपर्यंत गेली पाहिजे. अर्धा मिलिमीटर तिरकी गेली तरी पॅड बंदच. आधी कुणी बॅटरी किंवा रॅम बदलली असेल आणि त्यानंतर पॅड गेला असेल, तर ही पट्टी अर्धवट बसलेली असण्याची शक्यता सगळ्यात मोठी.

नवा पॅड घ्यायचा झाला तर लॅपटॉपच्या नावावरून मागवू नका. जुन्या पॅडच्या पाठीवरचा पार्ट नंबर जुळवा. एकाच मॉडेलात दोन कंपन्यांचे पॅड आणि दोन प्रकारच्या केबली असतात.

मॅकबुकचं काय?

सिस्टिम सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, पॉइंटर कंट्रोल इथे बघा. माऊस जोडलेला असताना आतल्या ट्रॅकपॅडकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय चालू असेल तर बॅगेतला ब्लूटूथ माऊससुद्धा पॅड बंद पाडतो. २०१५ पासून आलेले फोर्स टच ट्रॅकपॅड खरे दबतच नाहीत. क्लिकचा भास आतली कंपनाची मोटर देते. म्हणून मॅक बंद असताना क्लिक लागत नाही हे बरोबरच आहे. मॅक चालू असूनही लागत नसेल तर आधी बॅटरीचा फुगवटा तपासा. अ‍ॅपल सिलिकॉनच्या (इंटेलऐवजी अ‍ॅपलची स्वतःची चिप असलेल्या) मॅकला वेगळे रीसेट नसते, बंद करून पुन्हा सुरू करणे पुरते.

दुकानात देताना काय सांगू?

‘टचपॅड चालत नाही’ एवढेच सांगू नका. बायोसमध्ये आणि उबुंटूत काय झाले, चार्जर काढून काय झाले, आधी कधी उघडला होता का, काही सांडले होते का, हे सांगा. पॅड बदलायचा म्हटले तर आधी केबल काढून बसवून बघायला सांगा आणि जुना पॅड परत मागा. देण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवा. पासवर्ड लिहून देण्याची गरज नाही, टचपॅड तपासायला बायोस किंवा पेन ड्राइव्हवरचे उबुंटू पुरते.